साठी ओलांडलेले छोटे दुकानदार ऑनलाइन व्यवहार करताना जुन्या रीती कशा सांभाळतात?

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे माझे कापडाचे दुकान आहे आणि माझे वय चौसष्ट आहे, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवातून देतो.

पैसे घेण्यात अडचण आली नाही. यूपीआय 2016 मध्ये सुरू झाले, माझ्या गल्ल्याजवळ क्यूआर कोड मात्र टाळेबंदीनंतर लागला. भवानीची नोट कपाळाला लावून गल्ल्यात ठेवण्याची वडिलांची रीत होती. आता पहिली रक्कम मोबाईलवर आली, तर मी गल्ल्याला हात लावून नमस्कार करतो.

कस लागला तो उधारीत. आमचे बहुतेक गिऱ्हाईक कोरडवाहू शेतकरी आहे. लग्नाचा बस्ता उन्हाळ्यात बांधला जातो आणि पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास, सोयाबीन विकल्यावर हाती येतो; तोवर तगादा लावायचा नाही आणि घरात सुतक असताना तर विषयही काढायचा नाही, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. मुलाने सगळी उधारी एका ॲपमध्ये भरली, ज्यातून ठरल्या तारखेला बाकीचा संदेश आपोआप जातो. एका जुन्या गिऱ्हाइकाला असा संदेश नेमका त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला गेला. तेरावा झाल्यावर त्यांनी सगळी बाकी चुकती केली, एक शब्दही बोलले नाहीत. मी घरी जाऊन हात जोडले, त्यांनी चहाही पाजला. पण मुलीचा बस्ता त्यांनी दुसरीकडे बांधला. ती खंत अजून जात नाही.

तेव्हापासून हिशेब ॲपमध्येच राहतो, कारण त्यात बेरीज चुकत नाही हे मुलाचे म्हणणे खरे आहे. संदेश मात्र बंद केले आहेत आणि कोणाला, केव्हा आठवण द्यायची ते मी ठरवतो. लक्ष्मीपूजनाला लाल वही आजही पुजली जाते आणि येणे बाकी तिच्यात माझ्या हाताने उतरवली जाते.

विक्रीचे म्हणाल, तर पुण्याला गेलेल्या गावच्या लेकींना आम्ही व्हॉट्सॲपवर साड्यांचे फोटो पाठवतो. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून सर्रास खपवली जाते. दुकानात गिऱ्हाईक पदर उलटून पाहते. हातमागाच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, यंत्रमागाच्या पदरामागे बहुधा सुटे धागे असतात. फोटोत पदर उलटता येत नाही, म्हणून उलट्या बाजूचा फोटो आम्ही न मागताच पाठवतो आणि साडी यंत्रमागाची असेल तर किमतीच्या आधी तसे लिहितो.