'कूल' म्हणजे थंड, मग त्याचा अर्थ 'भारी' कसा झाला?

तुमचा प्रश्न असा: शाळेत कूल म्हणजे थंड शिकलो, मग बूट आवडले तरी कूल, गाणं आवडलं तरी कूल, हा अर्थ आला कुठून? पोरांनी भाषा बिघडवली, असं उत्तर बरेच जण देतात. मला ते अजिबात पटत नाही. हा अर्थ ज्यांनी घडवला त्यांची नावंगावं माहीत आहेत, आणि श्रेय त्यांना मिळालं पाहिजे.

पहिली पायरी आपल्याही ओळखीची. राग आला की डोकं तापतं, ते थंड ठेवायचं. 'हॅम्लेट'मध्ये राणी आपल्या भडकलेल्या मुलाला त्या आगीवर 'कूल पेशन्स' शिंपडायला सांगते, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही शांत, संयमी हा अर्थ रुळलेला होता. अठराव्या शतकात 'अ कूल हंड्रेड' म्हणजे चांगले शंभरच्या शंभर पौंड, असंही म्हणू लागले.

पण यात शाबासकी कुठेच नाही. ती आली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून. कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या १९३३ सालच्या एका कथेतल्या संवादात कूल चक्क 'झकास' या अर्थाने येतो. तिथेच का? दक्षिणेत वंशभेदाचे कायदे होते. गोऱ्या माणसासमोर आवाज चढवला तर जिवावर बेतायचं. आतून कितीही जळत असलं तरी चेहऱ्यावर दिसू न देणं ही तिथे कमावलेली ताकद होती, आणि जी गोष्ट कमवावी लागते तिचंच कौतुक होतं. कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी तर पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची 'इतुतु' ही कल्पना दाखवून दिली. तिथेही शीतलता हा माणसाचा मोठा गुण.

मग जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेलं संगीत. १९२०च्या दशकात चांगलं जॅझ म्हणजे 'हॉट'. लुई आर्मस्ट्राँग यांच्या चमूचं नावच 'हॉट फाइव्ह'. १९३४ साली टेनर सॅक्सोफोन हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारे लेस्टर यंग हे कोलमन हॉकिन्स यांच्या जागी फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात आले. हॉकिन्स यांचा सूर भरदार, घुमणारा. यंग यांचा हलका, सैल, घाई नसलेला. हॉकिन्ससारखं वाजवत नाही म्हणून सहकाऱ्यांनी कुरकुर केली आणि काही महिन्यांतच यंग बाहेर पडले. सूर मात्र त्यांनी बदलला नाही. १९३६ सालचं त्यांचं 'लेडी बी गुड' जरूर ऐका: सगळा ताफा जोरात धावतोय आणि हा माणूस निवांत चाललाय. सॅक्सोफोन आडवा धरायचा, रंगमंचावरही गडद चष्मा, बोलण्यात सतत स्वतःचे शब्द. वादकांच्या तोंडी कूल बसवण्याचं श्रेय बहुतेक जण त्यांनाच देतात. पुढे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचं १९४९-५० मधलं ध्वनिमुद्रण १९५७ साली 'बर्थ ऑफ द कूल' नावाने तबकडीवर आलं, तोवर शब्द गोऱ्या कॉलेजकुमारांपर्यंत पोहोचला होता.

तिथून पुढचं झटपट झालं. शांत वादक कूल, मग त्याचा चष्मा कूल, मग तसला चष्मा घालणारा कुणीही कूल. संयम गळून पडला, पसंती तेवढी उरली. आता तर 'आय ॲम कूल विथ दॅट' म्हणजे नुसतं 'चालेल'.

त्याच जॅझवाल्यांचा 'ग्रूव्ही' (मस्त) आज जुनाट वाटतो, 'हेप' (नव्या गोष्टींचा जाणकार) तर गेलाच. कूल टिकला, कारण मूळचा साधा शब्द रोजच्या वापरात होताच, त्यामुळे त्याच्यावर एका पिढीचा शिक्का बसला नाही, असं मला वाटतं.

मराठीत 'थंड' कधी असा चढला नाही. धंदा थंड, प्रतिसाद थंड म्हणजे वाईटच. शाबासकीला आपण 'भारी' आणि 'कडक' घेतले, आणि कूल आला तो थेट तयार अर्थासकट. म्हणूनच आपल्याकडे 'कूल' म्हणणाऱ्या पोराच्या मनात थंडी येतच नाही.