दोन रात्रींचं जहाज: खोली कुठली, जेवण कुठलं?

प्रश्न: ताई, येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला 25 वर्षं होतात. मुलाने मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची क्रूझ करा म्हणून आग्रह धरलाय. मी, हे आणि सासूबाई असे तिघं जाणार. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, कांदा-लसूण खात नाहीत आणि एकादशी मोडत नाहीत. नणंद येऊ का म्हणतेय, पण तिचं अजून नक्की नाही. आतली खोली, खिडकीची खोली आणि बाल्कनीचा स्वीट यांच्या दरांत बराच फरक आहे. शिवाय बुकिंग करणारा मुलगा सांगतो, की वेगळे पैसे भरून खास रेस्टॉरंटमधली टेबलं आत्ताच धरून ठेवा, ड्रिंक्स पॅकेजही घ्या. हे काही घेत नाहीत. जास्तीचे पैसे खोलीवर घालावेत की जेवणावर?
(एक वाचक, माधवनगर, सांगली)

उत्तर: पैसे घालायचेच असतील तर खोलीवर घाला, जेवणावर नको. पण खोलीवर म्हणजे मोठ्या खोलीवर असं मला म्हणायचं नाही. गेली 19 वर्षं मी सांगलीतून लोकांना सहलींना नेते आहे. छोट्या क्रूझवर माणसं रुसतात ती खोली लहान निघाली म्हणून नव्हे. खोली चुकीच्या जागी मिळाली म्हणून रुसतात.

माझाच अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी सिंगापूरहून तीन रात्रींच्या जहाजावर आमचा 22 जणांचा ग्रुप होता. स्वस्त पडतं म्हणून मी ‘गॅरंटी’ प्रकारात बुकिंग केलं. यात खोलीचा प्रकार ठरलेला असतो, खोलीचा नंबर मात्र कंपनी शेवटी तिच्या सोयीने देते. माझी धाकटी जाऊ आणि तिची आई यांना मिळाली अगदी नाकाडावरची, जहाजाच्या पुढच्या टोकाची खोली. पहिल्या रात्री समुद्र जरा उसळला आणि त्या दोघी पहाटेपर्यंत ओकत राहिल्या. मी मधल्या भागात शांत झोपले होते, सकाळी चहाला भेटले तेव्हा मला कळलं. त्या दोघींचे चेहरे मला आजही आठवतात. तेव्हापासून कुणासाठीही मी नंबर न बघता खोली घेत नाही.

कऱ्हाडहून चिपळूणला जाताना एसटीच्या मागच्या बाकावर बसून कुंभार्ली घाट उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मधल्या बाकावरचा माणूस पेंगतो आणि मागचा पोट धरून बसतो. जहाजाचंही तसंच. पुढचं टोक वर गेलं की मागचं खाली जातं, मध्यभाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. डावी-उजवीकडचं डुलणं वरच्या मजल्यांवर जास्त जाणवतं. म्हणून मधली आणि खालच्या मजल्यांवरची खोली सगळ्यांत स्थिर असते. गंमत म्हणजे महागडे स्वीट बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, म्हणजे जास्त पैसे मोजून जास्त हिंदोळे. फेब्रुवारीत अरबी समुद्र शांत असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. तरीही 71 वर्षांच्या बाई बरोबर आहेत, तेव्हा मी तरी मधलीच खोली धरेन. मळमळ थांबवणाऱ्या गोळीबद्दल सासूबाईंच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून ठेवा. बीपीच्या औषधांबरोबर ती चालते का, ते त्यांनीच सांगायला हवं. आणि ती गोळी मळमळायला लागण्यापूर्वी घ्यायची असते, नंतर तिचा उपयोग कमी होतो.

आता तिघांच्या खोलीबद्दल. हे बुकिंगवाले सहसा आपणहून सांगत नाहीत. साध्या खोलीत दोन पलंग खाली असतात आणि तिसरा भिंतीतून किंवा छतातून उघडणारा वरचा बर्थ असतो, शिडी लावून चढायचा. सासूबाई त्यावर चढणार नाहीत, म्हणजे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुमच्यापैकी एकाला शिडी चढावी लागणार. सोफा उघडून पलंग होतो अशी खोली मिळत असेल, तर तो अपग्रेड मात्र खरोखर कामाचा. ‘तिसऱ्या माणसाचा पलंग खाली आहे की वर?’ हे लिहून विचारा आणि उत्तरही लिहून घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे नणंदेला घेऊनच जा. क्रूझचे दर एका खोलीत दोघं राहतील असं धरून माणशी लावलेले असतात. एकट्याने खोली घेतली तर बऱ्याचदा दोघांच्या जवळपास पैसे द्यावे लागतात. चौघं झालात की दोन खोल्या सरळ हिशेबात बसतात. मधे दार असलेल्या शेजारशेजारच्या दोन खोल्या मागा. सासूबाई आणि त्यांची लेक एकीत, तुम्ही दोघं दुसरीत. माझ्या मते स्वीटपेक्षा ही भेट मोठी आहे, आणि सासूबाईंनाही लेकीबरोबर दोन रात्री मिळतील.

खिडकी घ्यायची का? हो, निदान एका खोलीला तरी घ्या. आतल्या खोलीत दिवा बंद केला की दिवस-रात्र कळत नाही. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला तिथे कोंडल्यासारखं होतं. खिडकी उघडत नाही, काच पक्की बसवलेली असते, पण उजेड येतो आणि समुद्र दिसतो. बाल्कनीचं मात्र मोजून बघा. पहिल्या दिवशी दुपारी जहाज सुटणार, उजेड संध्याकाळी साडेसहापर्यंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही गोव्यात उतरून फिरणार. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. बाल्कनीत निवांत बसायचे तास पाच-सहाच्या वर जात नाहीत, आणि वरची मोकळी डेक सगळ्यांना फुकट आहे. लक्षद्वीपची चार-पाच दिवसांची फेरी असती तर मी बाल्कनी घ्या म्हटलं असतं. जुन्या जहाजांवर बाल्कन्या तशाही कमी असतात. मुंबईहून 2021 पासून फेऱ्या करणारं ‘एम्प्रेस’ 1990 साली बांधलेलं आहे. त्या काळी बाल्कनी ही थोड्या खोल्यांचीच चैन होती.

खिडकी कुठल्या बाजूची, तेही बघा. मुंबईहून गोव्याला म्हणजे दक्षिणेला जाताना जहाजाच्या तोंडाकडे बघून उभं राहिलं, की उजवा हात पश्चिमेला येतो. पहिल्या संध्याकाळचा सूर्यास्त उजवीकडच्या खिडकीतून दिसेल. परतताना तीच बाजू पूर्वेला होते, तेव्हा तिसऱ्या दिवशी उजाडतानाचं आकाशही त्याच खिडकीत. मी उजवीच घेते.

खोलीचा नंबर मिळाला की डेक प्लॅन काढून बघा, जहाजाचे नकाशे कंपनीच्या साइटवर असतात. तुमच्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असल्या पाहिजेत. वर डान्स फ्लोअर किंवा स्वयंपाकघर असेल, तर रात्री दोनपर्यंत खुर्च्या ओढल्याचे आवाज ऐकत बसाल. लिफ्ट जवळ असावी, पण दारासमोर नको. बाथरूमला बऱ्याचदा उंच उंबरठा असतो, सासूबाईंना ते आधी सांगून ठेवा आणि धरायला दांडी आहे का ते विचारा. आणखी एक, खोलीत निरांजन किंवा उदबत्ती लावता येत नाही. जहाजावर आगीची भीती सगळ्यांत मोठी असते, इस्त्रीसुद्धा नेऊ देत नाहीत. सासूबाईंची रोजची पूजा असेल तर ऐनवेळी त्यांचा जीव कासावीस होऊ नये, म्हणून हे आत्ताच बोलून घ्या.

निघायच्या आठवडाभर आधी ‘एवढे भरा आणि वरच्या वर्गात जा’ असा मेल किंवा फोन बहुतेक येईल. स्वस्त वाटेल. पण हो म्हणण्याआधी नवा नंबर विचारा. अपग्रेडच्या नादात मधली खोली सोडून तुम्ही पुढच्या टोकाला जाऊ शकता आणि मधल्या दाराची जोडखोली तुटू शकते. नंबर सांगत नसतील तर नाही म्हणा.

आता जेवण. जेवणं मोजा. पहिल्या दिवशी चढल्यावर दुपारचं, मग रात्रीचं. दुसऱ्या दिवशी नाश्ता, दुपारी गोव्यात, रात्रीचं जहाजावर. तिसऱ्या दिवशी नाश्ता. म्हणजे निवांत बसून जेवायच्या रात्री दोनच. जेवण तिकिटात धरलेलंच असतं: एक मोठं बसून जेवायचं रेस्टॉरंट आणि वरच्या डेकवरचा बुफे. खास रेस्टॉरंटचं टेबल धरलंत, की पैसे भरून झालेलं एक जेवण सोडून दुसऱ्या जेवणाचे पैसे भरता. चिनी किंवा तसल्या खास रेस्टॉरंटमध्ये कांदा-लसणाशिवाय सासूबाईंना काय मिळणार? तुम्हा दोघांना एक रात्र वेगळं बसायची हौस असेल तर जरूर बसा, लग्नाचा वाढदिवस आहे. पण टेबल आधी धरू नका. पहिल्या दिवशी चढल्यावर जाऊन मेनू वाचा, आवडला तर दुसऱ्या रात्रीचं टेबल धरा.

सासूबाईंसाठी बुकिंग करतानाच ‘जैन जेवण’ नोंदवा. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांना हे नवं नाही. पण नोंदवून थांबू नका. चढल्यावर पहिल्याच दिवशी मोठ्या रेस्टॉरंटच्या मॅनेजरना भेटा आणि दोन्ही रात्रींचं सांगा. बुफेत शंभर भांडी मांडलेली असतात, पण सासूबाईंनी एकेका झाकणावरची पाटी वाचत फिरण्यापेक्षा बसून जेवावं. त्या दिवसांत एकादशी येते का, ते पंचांगात बघून घ्या. येत असेल तर फळं, दूध, दही, उकडलेले बटाटे मिळतील, साबुदाण्याची खात्री मी देणार नाही. घरून शिजवलेलं काही चढवू देत नाहीत. तासगावच्या बेदाण्याचं सीलबंद पाकीट चालेल का, ते आधी विचारून घ्या.

पहिल्या दुपारी सगळं जहाज बुफेवर तुटून पडतं. खोल्या तयार व्हायच्या असतात आणि लोकांना दुसरीकडे जायला जागा नसते. तेव्हा मोठं रेस्टॉरंट उघडं आहे का ते विचारा, तिथे गर्दी कमी असते.

ड्रिंक्स पॅकेज घेऊ नका. ते रोजच्या हिशेबाने लागतं आणि काही कंपन्या एका खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यायला लावतात. तुमच्या घरी कुणी घेत नाही, बुफेतला चहा तिकिटातच असतो. जहाजावर रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं. रोज संध्याकाळी काउंटरवर हिशेब बघत चला. सेवाशुल्क, बंदराचं शुल्क आणि जीएसटी तिकिटात धरलेत का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा.

सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते आणि जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअर धक्का तिथून टॅक्सीने जवळ आहे. त्याच दिवशी पोचायचं असेल तरी चालेल. पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. सासूबाई बरोबर असताना मी एक दिवस आधी मुंबईत मुक्काम करेन.

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात आणि रात्री आठला जेवतात. क्रूझवर दोन पाळ्यांत जेवण असतं म्हणे. कुठली घ्यावी? इन्सुलिनचं काय करायचं?
(एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर: पहिली पाळी घ्या. दुसरी पाळी साधारण साडेआठच्या आसपास सुरू होते, आणि ताटात अन्न यायला आणखी वेळ जातो. इन्सुलिन टोचून पदार्थांची वाट बघत बसणं धोक्याचं. टोचणं आणि जेवण यांत किती वेळ ठेवायचा, ते वडिलांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून ठेवा. पहिल्या पाळीत जागा नसेल तर बुफे त्यांच्यासाठी उत्तम, तिथे वाट बघावी लागत नाही.

खोलीतला छोटा फ्रिज पुरेसा थंड असेलच असं नाही. शिल्लक पेनं खोली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे किंवा जहाजावरच्या दवाखान्यात ठेवता येतील का, ते बुकिंग करतानाच विचारा. आणि हे सगळं हातातल्या पिशवीतच ठेवा. बंदरावर दिलेल्या बॅगा खोलीत पोचायला कधी कधी संध्याकाळ होते.