आधी पंप बघ, मग औषध

सांवेरचं शेत यंदा तू स्वतः बघणार, तर सोयाबीनचं तणनाशक आणायला दुकानात जाण्याआधी फवारणीचा पंप तपास. आपल्या माळव्यात गव्हावर २,४-डी हे तणनाशक सर्रास मारतात. टाकीत, नळीत त्याचा अंश राहिला, तर सोयाबीनचे देठ पिळवटतात, शेंडे वाकतात. नोझल, गाळणी सगळं साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धू. वेगळा पंप ठेवलास तर उत्तमच.

पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन-चार पानांवर असताना इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक मार, एकरी ४०० मिली. जमिनीत ओल हवी, नोझल फ्लॅट फॅन (चपट्या पंख्यासारखा फवारा देणारं) आणि पाणी एकरी २०० लिटर. पाण्यात काटकसर शिकवणारे शेजारी भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून दुसरा हात मारायचा नाही. आधी तणाची वाढ थांबते, शेंडा पिवळा पडतो, मग ते सावकाश मरतं. सोयाबीनही जरा फिकटतं, पण सावरतं.

केना हे तण भारी चिवट. उरलाच तर कोळपं चालव.

आणि हो, मागून मोहरी किंवा बटाटा घ्यायचा असेल, तर हे औषध टाळ. अंश जमिनीत टिकतो. पर्याय इंदूरला खंडवा रोडच्या सोयाबीन संशोधन संस्थेत विचार, दुकानदाराला नको.