शिडाच्या बोटीवरचं वेळापत्रक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघं अकरा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर राहतो. पुढचं बंदर ९० सागरी मैलांवर आहे. पहाटे निघून अमुक तारखेला पोहोचायचं, असं ठरवतो आणि दर वेळी गणित फसतं. कुठे चुकतंय?

तुम्ही एकच वेग धरून हिशेब करता, तिथे. एवढ्या बोटीचा सरासरी वेग ५ नॉट, म्हणजे तासाला ५ सागरी मैल, धरतात, पण वाऱ्यानुसार तो ४ ते ६ च्या मध्ये कुठेही राहतो. ६ नॉटने ९० मैलांना १५ तास लागतात आणि ४ नॉटने साडेबावीस. म्हणजे पोहोचण्याच्या वेळेत साडेसात तासांचा फरक.

आता पहाटे सहाला निघालात तर काय होईल ते बघा. लवकर पोहोचलात तर रात्रीचे नऊ, उशिरा पोहोचलात तर पहाटेचे साडेचार. दोन्ही वेळा अंधारात, आणि अनोळखी बंदरात अंधारात शिरणं टाळायलाच हवं. तेच दुपारी चारला निघालात तर सकाळी सात ते दुपारी अडीच, म्हणजे कसंही झालं तरी उजेडच. रात्र उघड्या समुद्रात जाईल, पण तिथे खडक नसतात. वेग वाढून फार लवकर पोहोचायची चिन्हं दिसली, तर शीड आखडून वेग कमी करा.

वारा समोरून असेल तर हा हिशेबही लागू पडत नाही. बहुतेक बोटी वाऱ्याच्या दिशेच्या साधारण ४५ अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाहीत, त्यामुळे नागमोडी जावं लागतं. ९० मैलांचे किमान १२७ होतात. वर लाटांवर आपटून वेग ४ नॉटवर येतो आणि प्रवास ३२ तासांवर जातो. दोन माणसांना हे झेपतं, पण वारा दोन दिवसांत फिरणार असेल तर थांबणंच शहाणपणाचं.

म्हणून नकाशावर एक नव्हे, तीन ठिकाणं ठरवा : मनातलं बंदर, वारा फिरला तर सोयीचं पडेल असं दुसरं, आणि अर्ध्या वाटेवरचा आडोसा. तिन्हींची खोली, प्रवेशाचा मार्ग आणि भरती-ओहोटीच्या वेळा निघण्याआधीच वहीत लिहा. डुलत्या बोटीत, झोप अपुरी असताना हे शोधत बसलं की चुका होतात.

प्रश्न : निघायचं की थांबायचं यावरून आमच्यात वाद होतात. पक्की कसोटी आहे का?

मर्यादा आधीच, बोट नांगरलेली असताना, शांत डोक्याने लिहून ठेवा. नवख्या जोडीसाठी आम्ही सुचवू : वारा बाजूने किंवा मागून असेल तर सरासरी २० नॉटपर्यंत, समोरून असेल तर १५ पर्यंत. हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २० नॉटचा वारा १५ च्या जवळजवळ पावणेदोन पट ढकलतो. शिवाय अंदाजातला आकडा सरासरीचा असतो. झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जास्त धरावेत, म्हणजे २० चे २८. लाटांचंही तसंच. अंदाजात २ मीटर लिहिलं असेल तर ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट लाट येते.

अंदाज तीन दिवस रोज बघा. हवेचा अंदाज काढणारं जीएफएस हे अमेरिकी संगणकीय मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं, ते युरोपीय मॉडेलशी ताडून पाहा. सलग तीन-चार अंदाज जुळले तर भरवसा ठेवा. दर वेळी वाऱ्याची वेळ पुढे-मागे सरकत असेल तर थांबा. साडेबावीस तासांच्या प्रवासासाठी चांगल्या हवेचे निदान ३६ तास हवेत. अरुंद खाडीतून जायचं असेल तर प्रवाह वाऱ्याविरुद्ध कधी फिरतो तेही बघा. वारा तेवढाच असला तरी लाटा अचानक उभ्या आणि आखूड होतात.

दोघांपैकी एकाने ‘नको’ म्हटलं की नको. कारण विचारा, पण मन वळवू नका.

प्रश्न : पाहुणे विमानाची तिकिटं आधीच काढतात. त्यांना काय सांगावं?

तारीख सांगा किंवा ठिकाण सांगा, दोन्ही एकदम सांगू नका. परतीच्या उड्डाणाआधी तीन दिवस बोट त्याच बंदरात हवी. तसं जमत नसेल तर त्यांनी जमिनीवरून जावं. तिकिटासाठी वाईट हवेत निघणं हे समुद्रावरच्या अपघातांचं नेहमीचं कारण आहे.

प्रश्न : आठवडाभर अडकलो तर आधी काय संपतं?

बहुतेकदा वीज. ढगाळ हवेत सौर पॅनेल कमी देतात, आणि शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरली की तिचं आयुष्य घटतं. पहिल्याच दिवसापासून फ्रिजचा वापर कमी करा. पाणी दोघांना काटकसरीने दिवसाला १० लिटर पुरतं. मुख्य टाकीशिवाय ४० लिटर वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, कारण टाकी गळली किंवा पाणी खराब झालं तर तेच उरतं. डिझेल एक-तृतीयांशाखाली जाऊ देऊ नका. टाकी रिकामी होत आली की लाटांमुळे तळाचा गाळ ढवळून फिल्टरमध्ये जातो आणि नेमकं बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडतं. सुटे फिल्टर जवळ असू द्या.

कागदपत्रांचे दिवसही संपतात. शेंगेन देशांत, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, बाहेरच्या पर्यटकांना कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मुभा असते, आणि हवेमुळे अडकलेले दिवस त्यातच मोजले जातात. दोन आठवडे शिल्लक ठेवूनच बेत आखा. अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. त्या काळात कुठे असलं तर विमा चालतो, ते पॉलिसीत वाचा.

थांबलेल्या जागेकडेही लक्ष हवं. खोली ५ मीटर, भरतीने वाढ २ मीटर, पाण्यापासून बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) उंची १ मीटर, मिळून ८. त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर नांगराची साखळी सोडा. जोराचा वारा येणार असेल तर सातपट किंवा अधिक, मात्र बोट फिरायला तेवढी मोकळी जागा आहे ना ते बघा. वारा फिरून किनाऱ्याकडे वाहणार असेल, तर आदल्या दिवशीच, उजेड असताना, दुसऱ्या आडोशाला हला.