कीटकांची शरीररचना बघून खरंच चांगली हत्यारं बनतात का? सुरुवात कोणत्या किड्यापासून करू?

बनतात. पण किड्याचं नुसतं रूप उचलाल तर पस्तावाल.

मी हत्यारांच्या डिझाइनमध्ये होतो तेव्हा फांद्या छाटायच्या करवतीचं काम आलं. साहेबांना प्रार्थनाकीटकाच्या पुढच्या पायाचं वेड. त्यावरच्या काट्यांसारखेच मागे वळलेले दाते पात्याला हवेत, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी म्हटलं, "साहेब, ते काटे भक्ष्य धरून ठेवायला आहेत, कापायला नाहीत." ते म्हणाले, "तू दाते काढ." काढले. नमुना देखणा झाला. ओल्या फांदीवर तिसऱ्याच ओढीला पातं असं रुतलं, की मी चीर फाकवून धरली तेव्हा दुसऱ्याने ते उपसून काढलं. खापर माझ्या फिनिशिंगवर फुटलं.

त्या वादात मी जोसेफ कॉक्स याचं उदाहरण दिलं होतं, आजही तेच देईन. अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या या माणसाने १९४६ साली भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना बघितली. तेव्हाच्या चेन सॉचे, म्हणजे फिरत्या साखळीवर दाते असलेल्या यांत्रिक करवतीचे, दाते लाकूड ओरबाडायचे, सारखी कानस मारावी लागायची. अळी मात्र लाकडातली रेषा आडवी असो की उभी, आरामात आत जात होती. तिचे जबडे आपल्यासारखे वरखाली हलत नाहीत, डावी-उजवीकडून मिटतात. कॉक्सने साखळीत वळणदार दाते एकाआड एक डावे-उजवे बसवले. ते लाकडाची ढलपी उचलतात. १९४७ मध्ये ती साखळी बाजारात आली आणि आजच्या साखळ्याही त्याच जातीच्या आहेत. तिच्यात अळीसारखं दिसणारं काहीही नाही!

सुरुवात लाकडात अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीपासून करा. तिच्या अंडी घालायच्या नळीचे दातेरी भाग एकमेकांना घासून मागेपुढे सरकतात. एक लाकडाला धरून राहतो, तेवढ्यात दुसरा पुढे घुसतो, त्यामुळे मागून फारसा जोर लागत नाही. शस्त्रक्रियेच्या सुयांसाठी ही युक्ती संशोधकांनी वापरून बघितली आहे. साहेबांना धरणारेच दाते हवे होते तर ते असे हवे होते.

हां, आकार वाढवताना जपून. लांबी दहापट केली की वजन हजारपट होतं, पण ते वजन पेलणाऱ्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच वाढतं. किड्याला जे पेलतं ते तुमच्या पात्याला पेलेलच असं नाही.

किडा चित्रात बघू नका, काम करताना भिंगाखाली बघा. आणि वरचा कोणी म्हणाला की काटे छान दिसतात, तर ओली फांदी आणून करवत त्याच्याच हातात द्या. मी तेव्हा दिली नाही.