ग्रहणाचे वेध, सूतक आणि वेधशाळा: ‘वेध’ एकच की दोन?

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर): ७ सप्टेंबर २०२५च्या चंद्रग्रहणाला शेजारीपाजारी सगळे ‘सूतक लग गया’ म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, घरात कोणी गेलेलं नसताना सुतक कसलं, वेध म्हणा. मराठी पंचांगात वेध दुपारी १२.३७ला होते, हिंदी कॅलेंडरात सूतक १२.५७ला. नंतर मुलीची सहल उज्जैनच्या वेधशाळेला गेली, तिथे वेध म्हणजे आकाशाचं निरीक्षण असं सांगितलं. आता ती विचारते, की घरातले वेध धर्माचे आणि वेधशाळेतला वेध विज्ञानाचा, मग शब्द एकच कसा? आणि वेळ नेमकी कोणती धरायची?

उत्तर: ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, शेजाऱ्यांचंही अगदी चूक नाही, आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन वेळांच्या फरकातच आहे.

आधी शब्द. संस्कृतात ‘व्यध्’ म्हणजे भोसकणं, आरपार जाणं. कान टोचण्याचा संस्कार तो कर्णवेध, निशाण साधणं तो लक्ष्यवेध. ज्योतिषी मंडळींनी बाणाच्या जागी नजर धरली. यंत्राच्या कडेवरून किंवा नळीतून ग्रह नेमका साधायचा, त्याचे उन्नतांश-दिगंश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची आणि दिशा, मोजायचे, याला वेध घेणं म्हणतात. नळीतून घेतला तर नलिकावेध. अशा वेधांची जागा ती वेधशाळा. (पावसाच्या अंदाजाला आपण ‘वेधशाळेचा अंदाज’ म्हणतो तेही यातूनच.) वेधक, वेधून घेणं, मर्मवेधी ही सगळी याच घरची भावंडं.

ग्रहणाचे वेध हे दुसऱ्या वाटेनं आले. धर्मशास्त्रात एक काळ दुसऱ्या काळात घुसतो तेव्हा त्याला वेध म्हणतात. सगळ्यांच्या माहितीतलं उदाहरण एकादशीचं. सूर्योदयाआधीच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. त्या वेळात दशमी शिल्लक असेल तर दशमीनं एकादशीला वेध केला, ती एकादशी ‘दशमीविद्धा’ झाली. वैष्णव मग ती सोडून दुसऱ्या दिवशी उपास करतात. स्मार्त मुख्यतः सूर्योदयाची तिथी पाहतात. कॅलेंडरात कधीकधी लागोपाठ दोन दिवस ‘स्मार्त एकादशी’ आणि ‘भागवत एकादशी’ छापलेलं दिसतं, ते यामुळे. ग्रहणाचंही तसंच. ग्रहण लागायचं असतं रात्री, पण त्याचा अंमल आधीच्या प्रहरांत घुसतो, म्हणून ते प्रहर वेधाचे. शब्द एकच, धातू एकच; फक्त एकीकडे नजर आरपार जाते आणि दुसरीकडे काळ.

बोलण्यातला एक फरक मात्र पक्का आहे आणि तो मुलांना सांगण्यासारखा आहे. निरीक्षणाचा वेध एकवचनी आणि ‘घेतला’ जातो: शुक्राचा वेध घेतला. ग्रहणाचे वेध नेहमी अनेकवचनी आणि ते ‘लागतात’: दुपारीच वेध लागले. ‘सुट्टीचे वेध लागले’, ‘निवडणुकीचे वेध लागले’ हे ग्रहणाच्या वेधांवरून आलेलं आहे, कारण त्यात गोष्ट घडण्याआधीच तिचा अंमल सुरू होतो. म्हणून ‘सुट्टीचा वेध लागला’ हे कानाला खटकतं.

आता वेळ. काशीनाथ उपाध्याय यांनी १७९०च्या सुमारास पंढरपुरात लिहिलेल्या धर्मसिंधूत नियम असा आहे: ज्या प्रहरात ग्रहण लागतं, त्या प्रहराच्या आधीचे तीन प्रहर चंद्रग्रहणाचे वेध, आणि चार प्रहर सूर्यग्रहणाचे. बालक, वृद्ध, आजारी यांना दीड प्रहर. घोटाळा होतो तो ‘प्रहर’ शब्दाशी. प्रहर म्हणजे घड्याळाचे तीन तास असं धरलं की तीन प्रहर म्हणजे नऊ तास, रात्री ९.५७च्या स्पर्शातून (ग्रहण लागण्याच्या क्षणातून) नऊ तास वजा, आले १२.५७. हिंदी कॅलेंडराचा हिशोब हा. पण प्रहर म्हणजे दिवसाचा किंवा रात्रीचा चौथा भाग. दिवस मोठा असेल तर दिवसाचा प्रहर मोठा. शिवाय मोजायचं स्पर्शाच्या क्षणापासून नाही, स्पर्श ज्या प्रहरात पडतो त्या प्रहराच्या सुरुवातीपासून.

इंदूरसाठी प्रत्यक्ष करून पाहा. त्या दिवशी सूर्योदय साधारण ६.११ला, सूर्यास्त ६.३८ला. रात्र सुमारे ११ तास ३३ मिनिटांची, म्हणून रात्रीचा प्रहर २ तास ५३ मिनिटांचा. पहिला प्रहर ९.३१ला संपला, दुसरा सुरू झाला. स्पर्श ९.५७ला, म्हणजे दुसऱ्या प्रहरात. त्याच्या आधीचे तीन प्रहर कोणते? रात्रीचा पहिला, दिवसाचा चौथा आणि दिवसाचा तिसरा. दिवसाचा तिसरा प्रहर सुरू होतो बरोबर मध्यान्हाला. तेव्हा वेध लागले मध्यान्हापासून, आणि इंदूरला त्या दिवशी मध्यान्ह साधारण १२.२५ला होतं. मुंबईत तेच १२.३७ला, कारण मुंबई आपल्या पश्चिमेला सुमारे ३ अंश आहे आणि दर अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. तुमच्या मराठी पंचांगातली वेळ मुंबईच्या मध्यान्हाची. नियम तोच, गाव वेगळं. आजीआजोबांसाठी दीड प्रहर धरला तर इंदूरला संध्याकाळी साधारण ५.०५पासून. मोक्ष (ग्रहण सुटणं) मात्र सगळीकडे एकाच क्षणी, उत्तररात्री १.२७च्या सुमाराला, कारण चंद्र सावलीत शिरतो आणि बाहेर येतो ते चंद्र जिथून जिथून दिसतो तिथून एकाच वेळी दिसतं. स्पर्श, संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जाणं), मध्य, उन्मीलन (तो पुन्हा उघडू लागणं), मोक्ष या चंद्रग्रहणाच्या पाचही वेळा गावागणिक बदलत नाहीत. बदलतात ते प्रहर.

मुलीनं उज्जैनला भित्तियंत्र पाहिलं असेल. दक्षिणोत्तर उभी भिंत, तिच्यावर अंशांच्या खुणांचे कंस आणि कंसाच्या केंद्राशी एक खिळा. सूर्य बरोबर दक्षिणोत्तर वृत्तावर आला, म्हणजे मध्यान्ह झाला, की खिळ्याची सावली भिंतीवर पडून कंसाला छेदते. तिथून सूर्याचं खमध्यापासूनचं (डोक्यावरच्या बिंदूपासूनचं) अंतर वाचायचं, ते उज्जैनच्या अक्षांशातून, म्हणजे २३ अंश ११ कलांतून (६० कलांचा एक अंश) वजा करायचं, की सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, मिळाली. विषुवदिनी उत्तर शून्य येतं. २१ जूनच्या आसपास सूर्य खमध्याच्याही पाव अंश उत्तरेला जातो, तेव्हा सावली खिळ्याच्या जवळजवळ सरळ खाली पडते. वाचनात चूक होते ती सावलीच्या कडेमुळे. सूर्यबिंब सुमारे ३२ कला रुंद, त्यामुळे कड धारदार पडत नाही, करड्या पट्ट्यासारखी दिसते. नवखा माणूस पट्ट्याची गडद बाजू धरतो आणि पाव अंशाला चुकतो. पट्ट्याचा मध्य धरायचा असतो. कागदाचा तुकडा जवळ धरून सावली त्यावर घेतली की मध्य ओळखणं सोपं जातं.

आता ७ सप्टेंबर २०२५चा मध्यान्ह आठवा. ढग नसतील तर भित्तियंत्रावर सावली ज्या क्षणी पडली, वेधशाळेत सूर्याचा वेध ज्या क्षणी घेता आला, त्याच क्षणी तुमच्या घरी ग्रहणाचे वेध लागले. दोन्ही अर्थ एका मिनिटावर येऊन मिळाले. मुलीच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

सूतकाबद्दल. मराठीत सुतक म्हणजे मृत्यूचं अशौच, जन्माचं ते सोयर. त्यामुळे ‘ग्रहणाचं सुतक’ सासूबाईंना टोचलं तर नवल नाही. पण हिंदीचा शब्द निराधार नाही. निबंधग्रंथांतून (धर्मशास्त्राच्या संकलनांतून) पुन्हा पुन्हा येणारं स्मृतिवचन आहे: ‘सर्वेषामेव वर्णानां सूतकं राहुदर्शने’. नीट पाहा, इथे सूतक सांगितलंय ‘राहुदर्शने’, म्हणजे ग्रहण दिसत असताना, स्पर्शापासून मोक्षापर्यंत. आधीच्या प्रहरांना वेध हाच शब्द. हिंदीत दोन्ही मिळून सूतक झालं, मराठीत दोन्ही मिळून वेध. इंदूरच्या मराठीनं शेजारच्या हिंदीतून पुष्कळ शब्द आनंदानं घेतले आहेत, पण हा घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं; आपल्याकडे त्या शब्दाला दुसरं, जड काम आहे.

एक खुलासा हल्ली फार फिरतो आणि तो चुकीचा आहे: वेध म्हणजे चंद्र पृथ्वीच्या विरळ सावलीत शिरल्यापासूनचा काळ, म्हणून ते वैज्ञानिक. त्या रात्री चंद्र विरळ छायेत शिरला ८.५८ला. वेध लागले १२.२५ला. साडेआठ तासांचा फरक कुठे बसवणार? दुसरा खुलासा, की या काळात विशिष्ट किरण येऊन अन्न बिघडतं. चंद्रग्रहणात चंद्रावरचा सूर्यप्रकाश अडतो, नवा किरण कुठून येत नाही, आणि दुपारी बारा वाजता तर चंद्र क्षितिजाखाली असतो. धर्मशास्त्रही असं काही म्हणत नाही. ताक, कांजी यांत तीळ-दर्भ घातले की दोष नाही, असं ते सांगतं. हा शुचितेचा विधी आहे, त्यात रसायनशास्त्राचा दावा नाही. ज्यांना पाळायचा त्यांनी श्रद्धेनं पाळावा, मधुमेह असलेल्यांनी आणि गर्भवतींनी उपाशी राहू नये. श्रद्धेला उसन्या विज्ञानाचा टेकू दिला की श्रद्धाही लंगडी होते आणि विज्ञानही.

उलट जिथे धर्मशास्त्र खरोखर आकाशावर अवलंबून आहे ती बाजू कुणी सांगत नाही. ग्रहण आपल्या गावी डोळ्यांना दिसणार असेल तरच त्याचे नियम. छायाकल्प ग्रहणात चंद्र फक्त विरळ सावलीतून जातो आणि किंचित मंद होतो, म्हणून वेध नाहीत. २१ सप्टेंबर २०२५चं सूर्यग्रहण भारतात दिसणार नव्हतं, म्हणून वेध नाहीत. ३ मार्च २०२६चं चंद्रग्रहण इंदूरला ग्रस्तोदित, चंद्र उगवला तोच ग्रासलेला आणि जेमतेम पाव तासात सुटला. ते मात्र धरायचं. ‘कधी’ हे ठरवायला गणित आणि डोळे, ‘काय करायचं’ हे ठरवायला परंपरा, अशी वाटणी जुन्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

आणि गणित चुकलं तर? यावरच एकोणिसाव्या शतकात पंचांगवाद पेटला. आपल्याकडची पंचांगं मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून (शके १४४२, इ. स. १५२०) करत. गणेश आणि त्यांचे वडील केशव हे दोघेही स्वतः वेध घेऊन जुने आकडे दुरुस्त करणारे. पण साडेतीनशे वर्षांत ते आकडेही मागे पडले. शिवाय चंद्राच्या गतीत एकच मोठा संस्कार (दुरुस्ती) धरलेला होता, साधारण ५ अंशांचा. खरा मुख्य संस्कार ६.३ अंशांचा आहे, आणि दुसरा १.३ अंशांचा. पौर्णिमा-अमावास्येला हे दोन एकमेकांविरुद्ध जातात आणि उत्तर पाचच येतं. म्हणून ग्रहणं बऱ्यापैकी जमत, आणि लोक म्हणत, पंचांग बरोबर आहे. अष्टमीच्या सुमारास मात्र दोन्ही एका बाजूला येऊन साडेसात होतात, तेव्हा अडीच अंशांची चूक, म्हणजे तिथी संपायला पाच तासांपर्यंत फरक. ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणजे तिथी साठ घटींपेक्षा (घटी म्हणजे घटिकाच) फार तर पाच घटी वाढते, सहा घटी घटते, हा जुना दंडक. दृक् गणितानं (आकाशाशी जुळणाऱ्या गणितानं) ती सात वाढते, दहा घटते. दंडक मोडला म्हणून आरडाओरड झाली. केरो लक्ष्मण छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर या गणितज्ञांनी आणि टिळकांनी दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना पटणं, हाच धर्मालाही मान्य निकष असल्याचं लावून धरलं. दशमीचा वेध ९६ मिनिटांवर ठरवायचा आणि तिथीच काही तास चुकलेली ठेवायची, हे कर्मठालाही परवडणारं नव्हतं.

उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहांची. ती पडझडीला आली तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३मध्ये दुरुस्त करवली. १९४२पासून तिथून दरवर्षी ग्रहांच्या दृश्य स्थितीचं पंचांग निघतं. आणि मेघनाद साहांच्या पंचांग-सुधारणा समितीनंतर १९५७ला राष्ट्रीय पंचांग आलं, तेव्हा त्याचं मध्यस्थान ८२ अंश ३० कला रेखांशावर आणि २३ अंश ११ कला अक्षांशावर घेतलं. हा अक्षांश उज्जैनचा.

तेव्हा ताई, पुढच्या ग्रहणाला कॉलनीच्या ग्रुपवर लिहिताना ‘वेध’ लिहा, अनेकवचनात लिहा, आणि वेळ इंदूरच्या सूर्योदय-सूर्यास्तावरून काढा. त्यासाठी त्या दिवसाचा सूर्योदय, सूर्यास्त आणि स्पर्श एवढे तीन आकडे पुरतात. मुलीला चार भाग करायला द्या.