दिसलं ते दिसलं म्हण

विश्रामबाग, सांगली

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू आलास, चहा गार होईपर्यंत लॅपटॉप उघडून, तुझं ते प्रथिन आमांशाच्या अमीबाला पेशींना चिकटायला मदत करतं का, याचे आलेख दाखवत बसलास आणि खरी गोष्ट बोललास ती उंबऱ्यात, चपला घालता घालता. "मॅडम, जनुक बंद पाडलं तरी अमीबा चिकटतोयच. आठ महिने गेले. गाईड म्हणतात, 'चिकटण्यात सहभाग असावा' एवढं लिही आणि पुढे चल." पलूसची गाडी चुकेल म्हणत मी तुला लावून दिलं. खरं तर माझंच मन थाऱ्यावर नव्हतं. दोन रात्री तेच डोक्यात आहे, म्हणून हे पत्र.

तसं लिहू नकोस. ते वाक्य मी चांगलं ओळखते. त्याचंच भावंड मी बावीस वर्षं रोज लिहीत होते.

कॉलेजात शिकवायला येण्याआधी मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते हे तुला माहीत आहे. सकाळी सातपासून डब्या यायच्या. स्लाइडच्या एका टोकाला सलाइनचा थेंब, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा. काडीच्या टोकाएवढा नमुना त्यात कालवायचा, कव्हरस्लिप तिरकी धरून अलगद सोडायची, म्हणजे बुडबुडा राहत नाही. आयोडीनमध्ये सिस्ट, म्हणजे अमीबाची कवचातली अवस्था, पिवळसर तपकिरी दिसते, बारा-पंधरा मायक्रॉनची. फोकस जरा वरखाली केला की आतली केंद्रकं एकेक करून वर येतात. एक, दोन, तीन. चौथं मोजलं की मी रिपोर्टवर लिहायची, 'एन्टअमीबा हिस्टोलिटिका सिस्ट आढळल्या'. मग डॉक्टर मेट्रोनिडाझोल द्यायचे आणि पेशंट आठवडाभर तोंडात लोखंडाची चव घेऊन फिरायचा.

मी पाहिलं काय होतं? चार केंद्रकांची सिस्ट. हिस्टोलिटिका, म्हणजे आमांशाचा अमीबा, मी पाहिला नव्हता, मानला होता. हुबेहूब तशीच सिस्ट एन्टअमीबा डिस्पारचीही असते, आणि तो माणसाच्या आतड्यात कुणाला त्रास न देता राहतो. एमिल ब्रुंप यांनी १९२५ सालीच सांगितलं होतं की हे दोन वेगळे जीव आहेत. पण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्यासारखा फरक त्यांच्या हाती नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९७८ मध्ये एन्झाइमांचे पट्टे वेगळे निघाले, मग डीएनएतला फरक सापडला आणि १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी दोन्ही जाती रीतसर वेगळ्या केल्या. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं की नुसती सिस्ट दिसली तर दोन्ही नावं लिहा, आणि लक्षणं नसताना तेवढ्यावर औषध देऊ नका.

मी हे वाचलं होतं. तरी कितीतरी वर्षं जुनंच लिहीत राहिले. त्या वेळी सांगलीत साध्या लॅबला डीएनए ओळखणारी पीसीआर चाचणी कुठली? अँटिजेनचं किट पेशंटच्या खिशाला परवडणारं नव्हतं. डॉक्टरांना 'अमीबा आहे की नाही' एवढंच हवं असायचं, आणि दोन नावं लिहिली असती तर या लॅबला नीट कळत नाही म्हणून त्यांनी पेशंट पलीकडच्या गल्लीत पाठवला असता. यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण सही माझी होती.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर काम करणारा एक हमाल होता. दीड वर्षात तीनदा आला, तीनदा मी सिस्ट पाहिल्या, तीनदा तेच लिहिलं. माणूस वाळत चालला होता. शेवटी मिरजेला पोट उघडलं तेव्हा आतड्याचा क्षय निघाला. औषधं लागू पडून बरा झाला. त्याची बायको माझ्या सहीचे तिन्ही कागद पदरात गुंडाळून घेऊन आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मग त्ये किडं कुठं गेलं वो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते किडं तिथं होतं की नव्हतं हेच मला माहीत नव्हतं. त्या काळातली रजिस्टरं २०१९ च्या पुरात भिजून लगदा झाली, पण तो प्रश्न काही वाहून गेला नाही.

म्हणून सांगते, दिसलं ते दिसलं म्हण, मानलं ते मानलं म्हण.

तुला वाटेल, मॅडमचा जमाना काडी आणि स्लाइडचा, आमच्याकडे जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा संच आहे, प्रथिनं ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर आहे. अरे, तिथे तर मानलेलं जास्त असतं! तुझ्या प्रथिनापुढे 'लेक्टिनसदृश', म्हणजे साखर ओळखून धरणाऱ्या प्रथिनासारखं, असं कुणी लिहिलं? संगणकानं, दुसऱ्या कुठल्या तरी प्रथिनाशी थोडी अमिनो आम्लं जुळली म्हणून. हिस्टोलिटिकाचा जीनोम २००५ मध्ये आला तेव्हा त्यात ९,९३८ जनुकं मोजली होती. २०१० मध्ये तोच जीनोम पुन्हा जुळवला तर ८,२०१ उरली. अमीबा तोच होता. याला मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा अवयव, कधी नव्हताच, असंही लोक छातीठोक सांगायचे. १९९५ मध्ये मायटोकॉन्ड्रियाकडून आलेली जनुकं त्याच्यात सापडली, आणि १९९९ मध्ये त्या अवयवाचा उरलेला अवशेष, मायटोसोम, प्रत्यक्ष दाखवला गेला. अमीबा आधी आपली पेशी मारतो आणि मग गिळतो, असं मीच तुमच्या वर्गाला शिकवलंय. २०१४ मध्ये जिवंत चित्रण करणाऱ्यांना दिसलं की तो जिवंत पेशीचेच लचके तोडतो आणि पेशी त्या लचक्यांनी मरते. शंभर वर्षं मानलेलं, कुणीतरी नीट बघत बसल्यावर बदललं.

याउलट गॅलॅक्टोज ओळखणाऱ्या त्या मोठ्या लेक्टिनचं बघ. त्यावर कुणी नुसतं नाव चिकटवलं नाही. थाळीत गॅलॅक्टोज घातलं की अमीबाची पकड सुटते, लेक्टिनविरुद्धचं अँटिबॉडी घातलं तरी सुटते. हे दिसलेलं आहे, कुणीही करून पाहावं.

आता तुझ्या प्रयोगाकडे येते. तू मला आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, कमी झाल्याचा आलेख दाखवलास. प्रथिन कमी झाल्याचा पुरावा कुठे आहे? मी दोनदा विचारलं, दोनदा तू पुढच्या स्लाइडवर गेलास. आरएनए घटला म्हणजे प्रथिनही घटलं, हे तू मानलंयस. आधी वेस्टर्न ब्लॉट कर, त्यात प्रथिन किती उरलं ते पट्टीवर दिसतं. प्रथिन खरंच गेलं असेल तर त्याची भावंडं शोध, कारण या अमीबात एकाच प्रथिनाच्या दोन-चार प्रती असणं नवं नाही, आणि एक गेलं की दुसरं काम निभावून नेत असेल. ते पृष्ठभागावर आहे हे तरी कशावरून? पेशींना छिद्रं न पाडता अँटिबॉडी लावून बघ, म्हणजे फक्त बाहेरचंच दिसेल. मास स्पेक्ट्रोमीटरच्या यादीवर जाऊ नकोस. वाढीच्या माध्यमात गाईगुरांचं सीरम असतं, ते धुवूनही चिकटून राहतं, आणि फुटलेल्या चार पेशींच्या आतला मालही त्याच यादीत येतो.

एवढं करूनही अमीबा चिकटलाच, तर लिही: हे प्रथिन नाहीसं केलं, चिकटणं घटलं नाही. दहा शब्दसुद्धा नाहीत. आठ महिने वाया गेले म्हणून रडू नकोस, त्या आठ महिन्यांचं मोल याच वाक्यात आहे. तुझ्यानंतर कुणीतरी पोर याच प्रथिनावर दोन वर्षं घालायला निघेल, त्याच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे. 'सहभाग असावा' लिहिलंस तर ते पोर तुझ्याच वाक्यावर विसंबून निघेल.

गाईडशी भांडण काढू नकोस. वेस्टर्न होईपर्यंत ते वाक्य कोरं ठेवतो, एवढंच सांग. त्यांच्यावर कसले कसले दबाव असतात ते मला कळतं, माझ्यावरही होते. पण माझ्यासारखी सही करून बसू नकोस, एवढा माझा हट्ट पुरव.

संक्रांतीला येशील तेव्हा ब्लॉटचे फोटो आण. पट्टी कापून छान केलेले नकोत, पूर्ण ब्लॉट हवा, कडेच्या डागांसकट, शेजारी मार्करसकट. चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय, आपण दोघं बसून बघू.

तुझी,
मॅडम